भोंग्यावरचं ‘आप जैसा कोई’



हरभऱ्याची नोंद आधी टाकतो, मंग बाकीचं. जॅकी-९२१८, आज ४७ दिवस. फूल नुकतंच दिसू लागलं आहे, पहिलं पाणी सुरू आहे. भारी जमीन आहे, त्यामुळं हलकंच देतो. आपल्या काळ्या मातीत जास्त पाजलं की हरभरा माजते, फूल कमी धरते आणि मर वाढते, हे सांगायची गरज नाही. कामगंध सापळे एकरी दोन लावले. काल एका सापळ्यात चार पतंग होते. सलग दोन-तीन रात्री आठ-दहाच्या वर गेले तर फवारणीचं पाहू, तोवर पंपाला हात लावत नाही.

आता भोंग्याची गोठ. डुकरं आणि रोही यांच्यासाठी यंदा धुऱ्यावर पेनड्राईव्हवाला भोंगा लावला. ज्यांनी लावला त्यांना माहीत आहे, पहिले चार-पाच दिवस डुक्कर बिचकते. मंग त्याला समजते की हे नुसतं ओरडते, चावत नाही. त्यामुळं आवाज बदलत राहावा लागते. कधी वाघाची डरकाळी, कधी फटाके, कधी माणसांचा गलका, कधी गाणी. पेनड्राईव्ह भरायचं काम पुतण्याकडं आहे. तो दर आठ दिवसांनी सगळं बदलते, पण एक गाणं मात्र जसंच्या तसं ठेवते. रात्री दीड वाजता, थंडीत, सुनसान वावरात नाझिया हसन ‘आप जैसा कोई’ म्हणते आणि तिकडून शेजारच्या वावरातला म्हातारा पाणी देता देता खाकरते. दुसऱ्या दिवशी म्हणते, “काहून बे, तुमची बाई काल तीनदा आली.”

हे गाणं १९८० चं आहे. ‘कुर्बानी’ सिनेमा, जून १९८०. फिरोज खान, विनोद खन्ना, झीनत अमान. त्या वर्षी सगळ्यात जास्त धंदा करणारा हिंदी सिनेमा हाच. (एक योगायोग सांगतो. फिरोज खान गेले २७ एप्रिल २००९ ला आणि विनोद खन्ना गेले २७ एप्रिल २०१७ ला. सिनेमातले जिगरी दोस्त, तारीखही एकच.) सिनेमाचं बाकीचं संगीत कल्याणजी-आनंदजी यांचं, हे एक गाणं तेवढं बिड्डूचं. बिड्डू मूळचा बंगलोरचा, लंडनला जाऊन राहिला. १९७४ मध्ये ‘कुंग फू फायटिंग’ नावाचं इंग्रजी गाणं जगभर गाजलं, तेही यानंच केलेलं. आणि गाणारी नाझिया हसन, कराचीत जन्मलेली, लंडनात शिकणारी शाळकरी पोरगी. जन्म ३ एप्रिल १९६५. म्हणजे सिनेमा लागला तेव्हा पंधरा वर्षांची. पुढच्या वर्षी फिल्मफेअरचं पारितोषिक तिला मिळालं. आपल्याकडं त्या वयात पोरगी दहावीला असते.

मी तेव्हा सातवीत होतो. मोठे भाऊ वीस वर्षांचे. अंजनगावहून शकुंतलेत बसून मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं अकोला, असा त्यांचा आणि त्यांच्या दोन मित्रांचा प्रवास झाला सिनेमासाठी. शकुंतला तेव्हा कोळशाच्या इंजिनावर चालायची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन, १९९४ पर्यंत चाललं. अचलपूर ते मूर्तिजापूर हे पाऊणशे किलोमीटर म्हणजे अर्धा दिवस. धुराच्या गाडीत बसून पोट्टे डिस्को पाहायला गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले, तोंडं काळी आणि डोळे लाल. बाबांनी भाऊंना विचारलं, “काय पाह्यलं?” भाऊ म्हणाले, “खताचा भाव.”

पुढच्या हंगामात कापसाच्या चुकाऱ्यातून भाऊंनी टेप घेतला, आणि त्याच्यासोबत पहिली कॅसेट ‘कुर्बानी’ची. कपाशी तेव्हा एच-४ होती. सुरतच्या केंद्रावर सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये काढलेला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. ज्वारी सी.एस.एच.-५ होती. सोयाबीन कोणाला माहीत नव्हतं.

मी हे मुद्दाम लिहितो आहे. १९८० ची बियाण्याची एक पिशवी आज दुकानात दाखवा. एच-४ गेली, ज्वारी तर शिवारातूनच गेली, २००२ नंतर बीटी आली, तिचेही किती नंबर आले आणि गेले. वाण म्हटलं की त्याचं आयुष्य ठरलेलं असते. दहा वर्षं चाललं तर लय झालं. हे गाणं पंचेचाळीस वर्षं झाली, अजून उगवते. लग्नातल्या डीजेवर उगवते, पोट्ट्यांच्या रीलवर उगवते, निंदणाऱ्या बायांच्या मोबाईलवर उगवते.

मी गाण्यातला जाणकार नाही. पण रात्री चार-चार तास स्प्रिंकलरचे पाईप बदलताना एकच गाणं ऐकलं की माणूस त्याचं निरीक्षण करतेच. एक म्हणजे ठोका. डिस्कोचा ठोका सरळ असते, एक-दोन-तीन-चार, सगळे सारख्या वजनाचे. आपल्या लावणीच्या ढोलकीसारखी हरकत त्यात नाही. त्यामुळं नाचता न येणारा माणूसही चुकत नाही. डवऱ्यामागं चालणाऱ्याची पावलं त्यात बसतात, टिकासाचे घाव बसतात. दुसरं म्हणजे आवाज. ती पोरगी गळा ताणत नाही, ताना घेत नाही. नाकात थोडं, सपाट, जणू स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणते. आणि तो आवाज दोन थरांत येते, एकावर एक ठेवल्यासारखा. लताबाई-आशाबाईंचं गाणं म्हणायला गेलो तर आपली लाज निघते. हे कोणीही म्हणू शकते, म्हणून सगळे म्हणतात.

आणि तिसरं म्हणजे शब्द. त्यात कोणाचं नाव नाही, गाव नाही, डोळ्यांचा रंग नाही. कोणीतरी आयुष्यात यावं, एवढं एक मागणं आहे. बाई म्हणते का माणूस म्हणते, हेही शब्दांवरून कळत नाही. फूल, बहार असं काही अंतऱ्यात येते. (बहार म्हटलं की वरुड-मोर्शीचा माणूस विचारते, आंबिया का मृग?) मागणाऱ्याचं वय पंधरा असो का पंचावन्न, गाणं त्याच्या मापाचं होते.

अमेरिकेत या डिस्कोचं काय झालं, तेही वाचण्यासारखं आहे. १२ जुलै १९७९ ला शिकागोत बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग करून तो स्फोटानं उडवला, लोकांनी मैदानात घुसून धिंगाणा केला, सामना रद्द झाला. तिकडं लोकांनी उपटून फेकलेलं पीक पुढच्याच वर्षी आपल्याकडं पेरलं गेलं आणि तरारलं. ‘कर्ज’ही १९८० चा, ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. जमीन बदलली की वाण बदलते म्हणतात ना.

रिमिक्सबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. २०२२ मध्ये ‘अ‍ॅन अ‍ॅक्शन हिरो’ नावाच्या सिनेमात हेच गाणं नव्यानं केलं. पुतण्यानं ऐकवलं. संकरित वाणाचं बी घरी ठेवून दुसऱ्या वर्षी पेरलं की काय होते? काही झाड उंच, काही बुटकं, काहीला बोंडच नाही. सगळे गुण फुटून येतात, पण मूळ झाड एकही नाही. तसंच. पुतण्या म्हणाला, “काका, तुमचं एफ-टूचं लेक्चर नको आता.” बी.एस्सी. ॲग्री आहे तो, अकोल्याचा. त्याला हे माझ्याहून जास्त समजते.

आता मुद्द्यावर येतो. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. त्याला विचारून लिहितो आहे.

पुतण्या ३३ वर्षांचा आहे. नऊ एकर, त्यातलं पाच ओलीत, विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरते. कर्ज आहे, पण फेडण्यासारखं. दारू नाही, खर्रा नाही. सहा वर्षांत एकवीस ठिकाणी पोरगी पाहून झाली. एकवीस वेळा पोहे खाल्ले. हा हिशोब त्याच्याच वहीतला आहे, मागच्या पानावर, पुढच्या पानांवर फवारणीच्या नोंदी आहेत. एकवीसपैकी सतरा ठिकाणी पहिला प्रश्न एकच, “पोरगा काय करते?” शेती म्हटलं की दुसरा प्रश्न, “आणि?” या “आणि”पुढं त्याच्याकडं काही नाही. त्याच्या वर्गातले जे कृषी सहायक झाले, बँकेत लागले, बियाण्याच्या कंपनीत लागले, त्यांची लग्नं होऊन पोरं शाळेत जातात. डिग्री एकच, मार्कही मागंपुढं. या पानावर वाचणारे साहेब लोक आहेत, त्यांनी रागावू नये, पण तुमच्या-आमच्यात फरक केवढा, तर एक ओळखपत्र.

गंमत अशी की पोरीच्या बापाला शेती पाहिजे असते. “शेती किती?” हाही प्रश्न येतेच. म्हणजे शेती असावी, पण जवायानं ती करू नये. एका ठिकाणी, दर्यापूरकडं, पोरीचा बाप स्वतः कास्तकार. त्यानं आमच्यासमोरच बोटांवर हिशोब केला. सोयाबीन एकरी सहा क्विंटल धरा, हमीभाव ५३२८, पण आपल्याला मिळते किती, बियाणं, खत, निंदण, सोंगणी, मळणी. मंग हात जोडून म्हणाला, “बापू, तुमचा पोरगा गुणाचा हाय. पन हा हिशोब मी तीस वर्सं केला. माह्या पोरीनं तो पुन्हा करू नये.” आम्ही काय बोलणार? हिशोबात चूक नव्हती.

भाऊंचं लग्न १९८५ च्या मे महिन्यात झालं. वहिनी अकोटकडच्या. तेव्हा सोयरीक जुळवताना विहीर आहे का, बैलजोड्या किती, सालदार आहे का, एवढं विचारलं. विहीर आहे म्हटल्यावर सासरा उठूनच उभा राहिला, पसंत म्हणून. वरातीत बँड होता, आणि बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर हेच गाणं वाजवलं. भाऊंनीच आधी सांगून ठेवलं असावं. ते अजून कबूल करत नाहीत. वहिनी सांगतात की मांडवात बसल्या बसल्या त्यांना गाणं ओळखू आलं, कारण त्यांच्याकडं रेडिओ होता. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, त्यांच्या बाबांची जेवायची वेळ तीच, म्हणून आवाज बारीक करून ऐकायच्या. पुढं टेप घरात आला तरी वहिनींना तो लावायला वेळ कुठं होता? पहाटे चारला उठायचं, शेण, पाणी, स्वयंपाक, वावर, पुन्हा स्वयंपाक. टेप भाऊ ऐकायचे, आम्ही पोट्टे ऐकायचो. वहिनी भांडे घासताना जेवढं कानावर पडलं तेवढं.

पोरी शेतकऱ्याला नाही म्हणतात, त्यावर पारावर लय बोलल्या जाते. शिकल्या, शेफारल्या, मोबाईलनं बिघडवल्या. मला ते पटत नाही. त्यांनी आपल्या माईला पाहिलं आहे. वेचणीच्या दिवसांत बोटं फाटलेली, पाठ वाकलेली, आणि सातबाऱ्यावर नाव नाही. घरची पोरगी ते पाहून शहाणी झाली असेल तर तिला दोष कोणत्या तोंडानं द्यायचा? माझीच पोरगी पुण्याला दिली, नोकरीवाल्याला. मी तिच्यासाठी कास्तकार पाहिला नाही. उद्या दुसरी असती तर तिच्यासाठीही पाहिला नसता. हे मी पुतण्यासमोर बोललो आहे. तो म्हणाला, “मले माहीत हाय ना काका.” आणि उठून मोटर पाहायला गेला.

गेल्या दिवाळीपासून घरात दुसराच विषय सुरू झाला. मध्यस्थ म्हणते, अमरावतीत एक फ्लॅट घ्या, बायोडाट्यात “अमरावती येथे स्वतःचे घर” असं लिहा, मंग पाहा कशी रांग लागते. फ्लॅटसाठी पैसे कुठून? रोडला लागून आमचं दोन एकर आहे. ओलितातलं, सगळ्यात चांगलं. गिऱ्हाईक तयार आहे, प्लॉट पाडणारं. भाऊंनी मनाची तयारी केली आहे. ते म्हणतात, “वावर कोणासाठी ठेवायचं? पोट्ट्याचा संसारच नाही झाला तर नऊ एकर वहितीत ठेवून उपयोग काय?” पुतण्या म्हणते, “दोन एकर विकून बायको आणली, अन् तिनं इचारलं का बाकीचं कवा विकता, तर?” दोघंही खरं बोलतात. वहिनी काहीच बोलत नाहीत, त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडते, तेवढ्यावरून समजायचं.

नाझियाचं पुढं काय झालं, ते पुतण्यानंच मला सांगितलं. १९८१ मध्ये ‘डिस्को दिवाने’ नावाची तिची ध्वनिफीत आली, भाऊ झोहेबसोबत. तीही आपल्याकडं तुफान चालली. मंग तिनं गाणं हळूहळू सोडलं. १९९५ मध्ये लग्न केलं, ते टिकलं नाही. १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली. ३५ वर्षांची. पंधराव्या वर्षी जे मागणं सगळ्या देशाच्या तोंडी दिलं, ते तिला स्वतःला काही मिळालं नाही. पुतण्याला मी विचारलं, एवढी गाणी असताना पेनड्राईव्हवर हेच कावून ठेवतो? आपल्या अकोल्याच्या विठ्ठल वाघ सरांची ‘तिफन’ आहे, ती लाव ना. वावरातलं गाणं वावरात. तो म्हणाला, “काका, तिफन ऐकली का काम आठोते. रात्री दोन वाजता कामच करून राह्यलो ना मी. हे ऐकलं का वाटते, कोनीतरी जागी हाय.”

रात्रीच्या लाईटवर ओलीत करणाऱ्याला हे वाक्य समजवून सांगावं लागणार नाही. हप्त्यात तीन-चार रात्री आपण असतो, बॅटरी, काठी, पायात गमबूट, साप-विंचवाची भीती, आता बिबट्याचीही. आणि घरून कोणाचा फोन येणार नाही हेही माहीत असते, कारण घरी फोन करणारं कोणी नाही. माझ्या शिवारात मोजले तर तिशी ओलांडलेले, लग्न न झालेले चौदा पोट्टे आहेत. चांगले पोट्टे. त्यांच्या ट्रॅक्टरवर, मोटरच्या खोलीत, ब्ल्यूटूथवर प्रेमाचीच गाणी वाजतात, आणि बहुतेक जुनी. नवीन गाण्यात पोरगा गाडी दाखवते, घड्याळ दाखवते. यांच्याकडं दाखवायला काय आहे? जुन्या गाण्यात नुसतं मागता येते.

मागच्या रविवारी बाविसावं पाहणं झालं. अमरावतीला. पोरगी खाजगी दवाखान्यात नर्स आहे, २९ वर्षांची, बाप नाही, माय आणि मामा. मामानं नेहमीचेच प्रश्न विचारले. फ्लॅटचा विषय निघाला, भाऊ म्हणाले पाहू. मंग रीतीप्रमाणं दोघांना पाच मिनिटं बोलायला गच्चीवर पाठवलं. पाच मिनिटांची वीस झाली. परत येताना गाडीत कोणी काही विचारेना. परतवाड्याच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा पुतण्या आपणहून बोलला. पोरीनं विचारलं होतं, रात्री पाणी द्यायला किती दिवस जावं लागते? यानं खरं सांगितलं, हप्त्यातून तीन, कधी चार. मध्यस्थानं आधीच बजावून ठेवलं होतं की सोलर घेतलं म्हणून सांग, पण यानं नाही सांगितलं. सोलरचा अर्ज केला आहे, पंप अजून आला नाही, एवढंच म्हणाला.

ती म्हणाली, “माझीही महिन्यातून दहा दिवस नाईट असते.”

मंग म्हणे दोघं जागरणावरच बोलत होते. तीन ते चारच्या मधात झोप कशी अनावर होते, तेव्हा ती काय करते, हा काय करते. भोंग्याचं सांगितलं, तर हसली म्हणे. फ्लॅटचं तिनं काही विचारलं नाही. मामानं विचारलं, तिनं नाही, हे पुतण्यानं दोनदा सांगितलं.

निरोप संक्रांतीनंतर देतो म्हणाले आहेत. तोवर रोडच्या दोन एकराचा विषय घरात काढायचा नाही, असं भाऊंनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. गिऱ्हाईकाचा फोन काल आला होता, तो उचलला नाही.